भट्टीतला लाल रंग

परवा रविवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात आणि स्वयंपाक करता करता तो मामाशी गप्पा मारतो, असा आमचा शिरस्ता आहे. विषय ठरलेले. इथला पाऊस, तिथला बर्फ आणि माझा गुडघा. या वेळी मात्र त्याने एकदम विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात. १९१८ च्या आधीचं अमेरिकन पोलाद खराब होतं का हो?"

मी म्हटलं, "अरे, मी पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पोलादाचं मला काय विचारतोस?"

मग हळूहळू उलगडा झाला. हे चिरंजीव दोन वर्षांपासून तिथल्या एका रायफल क्लबात जातात. दोनशे यार्डांवर लावलेल्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, एवढाच तो खेळ. आता त्यांना स्वतःची रायफल बनवून घ्यायची आहे. बनवून घ्यायची म्हणजे नवी नळी एका कारागिराकडून बसवून घ्यायची, लाकडी दस्ता दुसऱ्याकडून, आणि मधला भाग, ज्याला 'अ‍ॅक्शन' म्हणतात, तो एखाद्या जुन्या चांगल्या रायफलीचा घ्यायचा. (माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं. पण ती हे पान न चुकता वाचते, म्हणजे आता गुपित फुटलंच. बाई, तो कागदावर नेम धरतो, दुसऱ्या कशावर नाही. फोनवर रागावू नकोस.)

अ‍ॅक्शन म्हणजे काय हे मला थोडंफार ठाऊक होतं, ते कॉलेजातल्या एनसीसीमुळे. खिटी वर उचलायची, मागे ओढायची, काडतूस आत, खिटी पुढे ढकलून खाली दाबायची. ज्या पोलादी घरात ही खिटी, म्हणजे बोल्ट, पुढेमागे सरकतो ते घर म्हणजे रिसीव्हर. बोल्टाला पुढच्या बाजूला दोन कान असतात. खिटी खाली दाबली की ते कान रिसीव्हरच्या खाचांत अडकतात, दाराचा अडसर बसावा तसे. गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच धक्का मागेही येतो आणि तो हा अडसर झेलतो. भाचा ज्या जातीच्या रायफलीबद्दल बोलत होता, तिच्यात हा दाब चौरस इंचावर सुमारे ५०,००० पौंड असतो. आणि अडसराच्या मागे काही इंचांवर माणसाचा डोळा असतो.

म्हणून रायफल बनवून घेताना सगळ्यांत आधी अ‍ॅक्शन निवडतात. नळी झिजते, ती बदलता येते. दस्ता तडकला तर नवा करता येतो. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीनेही रिसीव्हर म्हणजेच बंदूक, आणि अनुक्रमांक त्याच्यावरच कोरलेला असतो. नळी हा नुसता सुटा भाग.

तर भाच्याला एका जुन्या सामानाच्या विक्रीत एक स्प्रिंगफील्ड रायफल दिसली. १९०३ च्या नमुन्याची. नळी पार झिजलेली, म्हणून स्वस्त. पण बोल्ट असा सरकत होता की जणू लोण्यातून सुरी. हा खूष झाला. क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाला त्याने फोनवरचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने रायफलीचं कौतुक केलं नाही की किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं, "नंबर किती?" नंबर सहा लाखांच्या घरातला होता. म्हातारा म्हणाला, "भिंतीवर टांगायला घे. नळी बसवू नकोस."

भाच्याचा प्रश्न असा, की हे खरं की म्हाताऱ्यांच्या गप्पा?

आता मीही म्हातारा, त्यामुळे त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. आठवडाभर वाचत बसलो. भाच्याने काही पानं पाठवली, काही मी शोधली. जे हाती लागलं ते इतकं विलक्षण होतं, की फोनवर सांगून भागेना. म्हणून हा लेख.

गोष्ट १८९८ सालापासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध झालं. क्यूबात सॅन ह्वान टेकड्यांवर १ जुलैला अमेरिकन फौज चढून गेली. वर थोडेसे स्पॅनिश सैनिक होते, पण त्यांच्या हातात जर्मनीच्या माउझर रायफली होत्या. पाच काडतुसांची पट्टी एका दाबात आत जायची. अमेरिकनांकडे होती क्राग रायफल. दिसायला सुबक, चालवायला मऊ, पण काडतुसं एकेक करून भरायची आणि बोल्टाला पुढे अडसराचा कान एकच. टेकडी अमेरिकनांनी जिंकली, पण त्या एका दिवसात त्यांचे हजाराहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. जिंकलेल्या सैन्याने हरलेल्याच्या हातातलं हत्यार उचलून नीट पाहिलं आणि ठरवलं, की आपल्याला असं हवं.

त्यातून १९०३ ची स्प्रिंगफील्ड जन्मली. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आणि इलिनॉयमधल्या रॉक आयलंड या दोन सरकारी कारखान्यांत ती बनायची. माउझरचं इतकं काही तिच्यात उतरलं होतं, की अमेरिकन सरकारने पेटंटपोटी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजले. रायफल मात्र उत्तम निघाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः सॅन ह्वानच्या लढाईत होते. त्यांनी या रायफलीची एक शिकारी आवृत्ती स्वतःसाठी करून घेतली आणि १९०९ मध्ये ती आफ्रिकेत नेली. नव्या दस्त्याच्या, मालकाच्या हाताला बेतलेल्या स्प्रिंगफील्ड रायफलींची हौस तिथूनच वाढली. म्हणजे माझा भाचा शंभर-सव्वाशे वर्षांच्या परंपरेत शिरत होता, त्याला ते ठाऊक नव्हतं इतकंच.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि त्याच वर्षी काही रायफली फुटू लागल्या. नळी नव्हे, रिसीव्हरच. पोलादाचे तुकडे होऊन उडायचे. पहिला संशय काडतुसांवर गेला आणि तो चूक नव्हता. घाईत बनलेल्या काही काडतुसांचं पितळ खराब होतं, बुडाशी फाटायचं, आणि जळता वायू मागे यायचा. स्प्रिंगफील्डच्या रचनेत काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग उघडा राहतो, त्यामुळे वायूचा तडाखा थेट रिसीव्हरला बसे. पण चांगल्या पोलादाने असा तडाखा खाल्ला तर ते फुगतं, वाकतं. हे रिसीव्हर काचेसारखे फुटत होते. मग चौकशी कारखान्याच्या आत गेली.

ही हकीकत ज्युलियन हॅचर या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. ते शस्त्रविभागात होते, पुढे मेजर जनरल झाले. १९४७ मध्ये त्यांचं 'हॅचर्स नोटबुक' प्रसिद्ध झालं. जुन्या अ‍ॅक्शनवर नळी बसवणारी माणसं आजही ते उघडून बसतात.

कारखान्यात रिसीव्हर कसा बनत होता ते थोडक्यात सांगतो. कमी कार्बनचं मऊ पोलाद भट्टीत तापवून ठोकून आकार द्यायचा. मग कातून-तासून तो भाग हाडांच्या जाळीव चुऱ्यात ठेवून पुन्हा तापवायचा, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरतो. मग तेलात बुडवायचा. बाहेरून कठीण, आतून चिवट असा तुकडा मिळतो. आपल्याकडे लोहार विळ्याला 'पाणी देतो' ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

यातली मेख अशी, की भट्टीत पोलाद प्रमाणाबाहेर तापलं तर ते 'जळतं'. आतली वीण बिघडते. वरून काहीच दिसत नाही. पुढे कितीही निगुतीने पाणी दिलं तरी ते सुधारत नाही. तेव्हा किती तापलं हे कळणं महत्त्वाचं. आणि स्प्रिंगफील्डच्या भट्टीशाळेत ते कसं कळत होतं? डोळ्यांनी. अनुभवी कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग पाहायचा आणि म्हणायचा, झालं, काढा. पोरसवदा उमेदवार नव्हेत, त्यात हयात गेलेली माणसं. कुणी आळशी नव्हतं की कुणी चोर नव्हतं.

चौकशी करणाऱ्यांनी उष्णता मोजणारी यंत्रं लावली. कारागिरांनी 'बरोबर' म्हटलेली उष्णता मोजली. आणि असं दिसलं, की लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांना जी 'बरोबर' वाटते, ती मळभाच्या दिवशीच्या 'बरोबर'पेक्षा तब्बल तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त असते.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. कारण कळायला सोपं आहे. अंधाऱ्या खोलीत निखारा लालभडक दिसतो, तोच उन्हात ठेवला तर राखाडी. खिडकीतून ऊन आलं की कारागिराला लोखंड अजून कच्चं वाटायचं, म्हणून तो ते आणखी तापू द्यायचा. त्याच्या डोळ्यात दोष नव्हता. खिडकीतला उजेड बदलत होता, आणि उजेडही मोजायला हवा हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमच्या गावचा लोहार मला आठवला. त्याचा भाता एका काळोख्या पडवीत होता, दिवसाही चिमणीच्या उजेडाइतकाच उजेड. लहानपणी मला वाटे, गरीब आहे म्हणून अंधारात बसतो. आता कळलं, की पोलादाचा रंग वाचायचा तर अंधारच हवा. त्याने हे कुणाला समजावून सांगितलं नसेल. त्याच्या बापाने तिथे भट्टी घातली, म्हणून त्यानेही घातली. मोठमोठ्या खिडक्यांचे कारखाने उभारताना ही पडवी मागे राहिली.

पुढे दोन्ही कारखान्यांनी पद्धत बदलली. यंत्राने उष्णता मोजू लागले आणि रिसीव्हर एकदा तापवण्याऐवजी दोनदा तापवून पाणी देऊ लागले. १९१८ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्डमध्ये हा बदल झाला तेव्हा क्रमांक ८,००,००० च्या आसपास होता. रॉक आयलंडमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात, क्रमांक २,८५,५०७ ला. या दोन आकड्यांच्या अलीकडच्या रायफलींना तिकडे 'लो नंबर' म्हणतात. भाच्याचा सहा लाखांचा नंबर त्यातलाच.

आता अडचण बघा. लो नंबरच्या रायफली दहा लाखांहून अधिक होत्या आणि त्यातल्या बहुतेक उत्तम होत्या. मळभाच्या दिवशी तापवलेल्या सगळ्या चांगल्याच असणार. रूझवेल्ट यांची रायफलही लो नंबरचीच, तिने आफ्रिकेत काही दगा दिला नाही. पण चांगली कोणती आणि जळकी कोणती हे वरून ओळखता येत नाही. हातोडीने ठोकून पाहणारे पाहतात. फुटला तर वाईट होता हे कळतं. नाही फुटला तर या ठोक्याला फुटला नाही, एवढंच कळतं. जुन्या रिसीव्हरांना पुन्हा पाणी देऊन पाहण्याचा प्रयत्नही झाला, पण भरवसा धरावा असं काही हाती आलं नाही.

१९१७ ते १९२९ या काळातल्या ६८ घटना हॅचर यांनी नोंदल्या आहेत. कुणाचा जीव गेला नाही. तिघांनी एकेक डोळा गमावला. हिशेब केला तर ढोबळमानाने सोळा हजार रायफलींत एक. १९२७ मध्ये लष्कराच्या मंडळाने शिफारस केली, की या सगळ्या रायफली काढून घ्याव्यात. दहा लाख रायफली भंगारात घालायच्या म्हणजे केवढा खर्च! १९२८ मध्ये मधला मार्ग निघाला. सैनिकांच्या हातात आहेत त्या असू द्या, दुरुस्तीला येतील तेव्हा त्यांचा रिसीव्हर बाद करा. त्यामुळे कित्येक तशाच राहिल्या, आणि पुढे लोकांच्या घरांत, तिथून जुन्या सामानाच्या विक्रीत आल्या.

'सोळा हजारांत एक' हा आकडा दाखवून आजही काही जण म्हणतात, उगाच भीती घालू नका. शंभर वर्षं फुटली नाही ती आता कशाला फुटेल? त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणारी 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम' ही संस्था स्पष्ट सांगते, की लो नंबर स्प्रिंगफील्डमधून गोळी झाडू नका. मलाही ते पटतं. सरकारने दहा लाख रायफलींचा हिशेब मांडला होता, तिथे सरासरीला अर्थ आहे. भाच्याला एकच रायफल घ्यायची आहे आणि डोळे दोनच आहेत. शिवाय जुन्या रिसीव्हरवर नवी नळी बसवायची म्हणजे जुनी काढताना त्याला शिकंज्यात पिळायचं, आणि मग त्याच्याकडून आणखी कित्येक वर्षं काम घ्यायचं. शंभर वर्षं टिकला म्हणून त्याचं पोलाद बदललेलं नाही. खराब काडतूस त्याच्या वाट्याला आलं नसेल, इतकंच.

मग घ्यावं काय? हेही मी जमेल तसं वाचलं. स्प्रिंगफील्डच हवी तर वरच्या नंबरची घ्यावी. १९२७ च्या सुमारास स्प्रिंगफील्डचे रिसीव्हर निकेल पोलादाचे होऊ लागले, ती तर आणखी निर्धोक. दुसरा पर्याय १९१७ ची एनफील्ड. महायुद्धात स्प्रिंगफील्ड पुऱ्या पडेनात, म्हणून तीन खासगी कारखान्यांनी ब्रिटिश नमुन्यावरून वीस लाखांहून अधिक बनवल्या, त्याही निकेल पोलादाच्या. त्यातला एडिस्टोनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातलाच, म्हणजे भाच्याच्या राज्यातला. पण तिथेही एक गोम आहे. एडिस्टोनच्या नळ्या इतक्या घट्ट आवळलेल्या असत, की काढताना रिसीव्हरला केसासारखी चीर जाऊ शकते. आणि तिसरा पर्याय मूळपुरुषाचा, १८९८ चा माउझर. त्याच्या बोल्टाला दोन कानांखेरीज मागे तिसरा राखीव कान आहे. काडतूस फाटलंच तर वायू बाजूला जावा म्हणून बोल्टाला भोकं आहेत, आणि डोळ्याकडे येणाऱ्या वायूला अडवायला मागे रुंद कड आहे. काहीतरी बिघडणारच, असं गृहीत धरून केलेली ही रचना. पॉल माउझर यांचा स्वतःचा एक डोळा पुढे १९०१ मध्ये दुसऱ्याच एका रायफलीच्या चाचणीत गेला. तेव्हा या माणसाची सावधगिरी फुकाची होती असं कोण म्हणेल?

हे सगळं मी भाच्याला गेल्या रविवारी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मामा, ती किती छान चालते हो हातात!"

खरं आहे. छान चालतेच. कारण कातकाम उत्तम होतं. जे डोळ्याला आणि हाताला कळतं ते सगळं उत्तम होतं.

आता थोडं माझं. हा भाग भाच्याला सांगितलेला नाही.

साधारण १९८४-८५ चं साल असेल. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. निबंधाला पंधरा गुण. एका मुलाने निबंध पुरवणीवर लिहिला होता आणि ती पुरवणी सुटून वेगळी पडली होती. मी ती सकाळी तपासली, गुण माझ्या वहीत लिहिले, कागदावर खूण करायची राहिली. संध्याकाळी दमून-भागून तीच पुरवणी पुन्हा हातात आली आणि मी ती पुन्हा तपासली. सकाळी अकरा गुण दिले होते. संध्याकाळी सात. एकच निबंध, एकच मास्तर. मध्ये फक्त दिवस उतरला होता.

तोवर माझी नोकरी बारा-तेरा वर्षांची झाली होती आणि 'निबंध वाचला की गुण आपोआप कळतात' हे मी अभिमानाने सांगत असे. त्या दिवसापासून एक कागद करून शेजारी ठेवू लागलो. मुद्द्यांना इतके, भाषेला इतके, शुद्धलेखनाला इतके. नाव दुमडून झाकायचं. पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा बघायचे. सहकारी हसायचे. म्हणायचे, एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर हे कशाला? मी त्यांना पुरवणीची गोष्ट कधी सांगितली नाही. लाज वाटली.

त्या मुलाला मी अकरा दिले. पण त्याच्या आधीच्या बारा-तेरा वर्षांतली मुलं? कुणाचा निबंध सकाळी आला, कुणाचा संध्याकाळी, याची नोंद माझ्याकडे नाही. बहुतेकांचं ठीकच झालं असेल. सोळा हजारांत एक, असाही हिशेब असेल. पण कुणाचा वर्ग हुकला असेल, कुणी 'आपल्याला लिहिता येत नाही' असं मनाशी धरून बसला असेल, तर ते वरून ओळखता येणार नाही. स्प्रिंगफील्डने निदान क्रमांक तरी लिहून ठेवला. या आकड्याच्या अलीकडचं आम्ही डोळ्यांनी ठरवलं होतं, असं त्यांना पुढच्यांना सांगता आलं. मला तेही सांगता येत नाही, म्हणून निदान साल तरी इथे लिहून ठेवलं आहे. माझे काही जुने विद्यार्थी हे पान वाचतात, त्यांच्यासाठी.

काल भाच्याचा निरोप आला. त्याने ती स्प्रिंगफील्ड घेतली नाही. क्लबातल्या त्या म्हाताऱ्याच्या ओळखीने एक माउझरची अ‍ॅक्शन बघतो आहे. कारागिराने सांगितलंय, की आधी ती तपासू, कठीणपणा यंत्रावर मोजू, मगच नळीचं बोलू. भाचा थोडा हिरमुसला आहे, कारण यात दोन-तीन महिने जाणार.

मी म्हटलं, जाऊ देत. मोजू देत त्यांना.